दाजींच्या सात पिना

माझ्या बहिणीचा नवरा म्हणजे माझे दाजी. पण हवाई दलाच्या तळावर झाडूवाल्यापासून वैमानिकांपर्यंत सगळेच त्यांना दाजी म्हणतात. दोष माझा. मी तिथे इंधनाचा टँकर चालवतो आणि पहिल्याच दिवशी भर धावपट्टीवर "ओ दाजी!" अशी आरोळी ठोकली होती.

दाजी लढाऊ विमानाचे मेकॅनिक. भोंगा वाजला की पाच मिनिटांत विमान उडालं पाहिजे. टाकी भरलेली, क्षेपणास्त्रं लावलेली, शिडी टेकवलेली. राहतात त्या लाल फितीच्या सुरक्षा पिना. त्या उपसायच्या, सातही हातात धरून वैमानिकाला दाखवायच्या, मगच निघायची खूण करायची. बावीस वर्षांत दाजींचं विमान एकदाही उशिरा सुटलं नव्हतं. आहे का कोणाची टाप?

त्या दुपारी भोंगा झाला. वैमानिक बाई धावत शिडी चढल्या, इंजिन गरजलं. दाजींनी पिना मोजल्या. सहा. पुन्हा मोजल्या. सहाच! एखादी क्षेपणास्त्रात राहिली तर ते ऐन वेळी सुटणारच नाही, आणि वर बाई एकट्या. दाजींनी डोक्यावर हातांची फुली केली आणि विमानासमोर उभे राहिले.

दाजींच्या हेडफोनवर तळाचे साहेब पिसाळले. "बाजूला व्हा! नाहीतर उद्यापासून स्टोअरात बसाल!"

दाजी जागचे हलले नाहीत. मी मागून धावत गेलो. बघतो तर काय, सातवी पिन त्यांच्याच कमरपट्ट्याला मागे लोंबतेय! शिडी काढायला हात मोकळा हवा म्हणून स्वतःच खोचलेली. काखेत कळसा नि गावाला वळसा! विमान सुटलं तेव्हा आठ मिनिटं झाली होती.

संध्याकाळी साहेबांचं बोलावणं आलं. मी म्हटलं, "दाजी, फीत अडकली होती म्हणा. मी साक्ष देतो."

असे उखडले माझ्यावर! "गप बस रे. तू टँकर चालव."

आत जाऊन सरळ सांगितलं, "चूक माझी. पिन माझ्याच पट्ट्यात होती."

साहेबांनी बदलीचा कागद पुढे ओढला. तेवढ्यात बाई आल्या, अजून उड्डाणाच्या कपड्यांतच.

"साहेब, यांनी सहा दाखवल्या असत्या तरी मी निघाले असते. घाईत मी मोजल्या नसत्या. यांनी मोजल्या. उद्या माझ्या विमानापुढे दुसरं कोणी उभं असेल, तर मी शिडी चढणार नाही."

साहेबांनी कागद फाडला. दाजी आपले खाली बघत उभे, आणि दाराबाहेर माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचंच बाकी होतं.