निम्म्या मापाचे मोदक

आमच्या हिच्या मामांइतका काटेकोर माणूस चाकणपासून चिंचवडपर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि न सापडो, बाप्पा! कंपनीत तीस-बत्तीस वर्षं गिअरचे दाते तपासण्यात घालवली. रिटायर झाले, पण तपासायची खोड काही सुटली नाही. माझ्या दिवाळसणाला सासूबाईंनी, म्हणजे त्यांच्या सख्ख्या बहिणीने, ताटात वाढलेली करंजी त्यांनी खिशातून व्हर्निअर काढून मोजली. "जाडी किंचित जास्त आहे, पण खाऊन टाका जावईबापू, चालेल!" सासूबाई त्यांच्याशी भाऊबीजेपर्यंत बोलल्या नाहीत.

त्यांची खरी इस्टेट म्हणजे ड्रॉइंगची वही. घरातले सगळे उकडायचे पदार्थ तीत चित्रांसकट उतरवलेले. आईच्या पातोळ्या, आत्याची दिंडं आणि पाच पानं भरून मामींचे उकडीचे मोदक: समोरून, वरून, मधोमध कापून. कळ्या किती, त्या कुठून सुरू होतात, सगळीकडे बाणच बाण. मामी मोदक वळायच्या आणि हे शेजारी पट्टी घेऊन बसायचे. "अहो, मोदक आहे तो, गिअर नव्हे," असं मामी दरवर्षी म्हणायच्या.

गेल्या गणपतीला मात्र संधिवाताने मामींची बोटं अशी आखडली की साधी चिमूट धरता येईना. "यंदा पेढ्यांचाच नैवेद्य दाखवा," म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या. लग्न झाल्यापासून त्यांच्या हातच्या मोदकांवाचून एकही चतुर्थी गेली नव्हती. मामांना ते बघवेना. म्हणाले, "ड्रॉइंग आहे ना! मी करतो."

चतुर्थीला सकाळी आम्ही त्यांच्याकडे पोचलो तर भिंतीवर ड्रॉइंग चिकटवलेलं, ओट्यावर व्हर्निअर आणि मामांच्या कपाळाला तांदळाची पिठी. पहिला घाणा उतरला आणि आम्ही बघतच राहिलो. मोदक सुपारीएवढे! मामांनी मापं थेट चित्रावरून घेतली होती, आणि चित्र होतं निम्म्या आकाराचं. तसं कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंही होतं, खुद्द त्यांनीच.

"हे उंदरासाठी का हो?" मामींनी विचारलं.

दुसरा घाणा मापात होता, पण एकूण एक मोदक फुटून सारण बाहेर आलेलं. "सगळे रिजेक्ट," मामा पुटपुटले आणि मटकन स्टुलावर बसले. करंजीचा राग विसरून मला त्यांची फार दया आली.

तेव्हा मामी उठल्या. "ते व्हर्निअर ठेवा बाजूला. हात आणा इकडं." मामांच्या तळव्यावर पारी ठेवली, त्यांच्या बोटांवर आपली वाकडी बोटं टेकवली आणि एकेक कळी काढायला लागल्या. "दाबू नका. नुसतं वर घ्या. हां, अस्सं." मोदक जरा डावीकडे कलला, पण उकडून अख्खा बाहेर आला. मामींचा चेहरा असा काही फुलला की मलाच भरून आलं.

मी शेजारीच केळीच्या पानाला तूप लावत होतो, त्यामुळे मला सगळं नीट दिसत होतं. पाचव्या मोदकाला मामांचा हात बसला होता. कळ्या आपसूक पडत होत्या. तरी प्रत्येक नवी पारी हातात घेतली की मामा म्हणायचे, "अगं, विसरलो बघ. पुन्हा धर जरा." एकवीस मोदक होईपर्यंत दुपारचे दोन वाजले.