अर्धा निवाडा

परदेशातल्या एनिस गावच्या रुग्णालयात डॉक्टर संध्या पांढरीपांडे मितभाषी म्हणून ओळखल्या जात. एकेकाळी त्या नागपूरच्या विद्यापीठ संघात गार्ड म्हणून खेळत असत, हे तिथे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. बास्केटबॉलमधला गार्ड म्हणजे चेंडू पुढे घेऊन जाणारा आणि सहकाऱ्यांपैकी कोण मोकळा आहे हे सर्वांआधी ओळखणारा खेळाडू. संघाचे नेत्रच म्हणा ना. वैद्यकीय शिक्षणात संध्याताईंचा खेळ सुटला, दृष्टी मात्र सुटली नाही.

त्या दृष्टीला दोन हजार वीस सालच्या वसंतात पुन्हा काम मिळाले. शाळा बंद, मैदाने बंद. आणि त्यांच्याच वसाहतीत राहणारी मैत्रीण पद्मिनी हिची मुलगी रेवा गॅरेजच्या भिंतीवरच्या रिंगेत एकटीच चेंडू टाकत बसायची. संध्याताई कोविडच्या कक्षातून परतत, त्यामुळे चेंडूला हात लावण्याचा प्रश्नच नव्हता. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभे राहून त्या सांगत, "कोपर आत घे. आता गुडघा वाकव." रेवा ऐके आणि करी. एक अख्खा उन्हाळा ती विद्या अशी केवळ वाणीतून संक्रमित झाली. त्याच काळात पद्मिनी रोज संध्याकाळी संध्याताईंच्या दाराशी डबा ठेवून, बेल वाजवून, दूर जाऊन उभी राही. त्या डब्यांमुळे त्यांच्या मैत्रीला रक्ताच्या नात्याचे मोल आले होते.

एकवीसच्या ऑक्टोबरात क्रीडागृहे उघडली, सामने सुरू झाले आणि गावातल्या क्लबने अठरा वर्षांच्या रेवाला महिला संघात घेतले. पहिले तीन सामने संध्याताईंनी मास्क लावून बाकावर बसून पाहिले. तिसऱ्या सामन्यानंतर पद्मिनीचा फोन आला.

"संध्या, मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पोरगी कशी खेळते, मला नीट सांग की."

"नीट म्हणजे खरं सांगू?"

"खरंच सांग. आत्ता मीटिंग आहे गं, बोलून पाठवून ठेव. निवांत ऐकेन."

नागपूरच्या मैदानावर संध्याताईंच्या गुरूंचा एक दंडक होता. नवख्याचे परीक्षण करताना दोष आणि गुण एका श्वासात सांगायचे नाहीत. आधी दोष सांगून थांबायचे, घोटभर पाणी प्यायचे, आणि मग गुण. एकात दुसरे मिसळले की ऐकणारा त्याला हवे तेवढेच उचलतो, अशी त्यांची धारणा होती. त्या दंडकाला अनुसरून संध्याताईंनी फोनवर दोन निरोप बोलून पाठवले.

पहिल्यात त्या म्हणाल्या, "बचाव कच्चा आहे, पद्मिनी. समोरचीच्या हातातला चेंडू हिसकायला ही झेप घेते आणि आपली जागा सोडते. मग ती हिला वळसा घालून सरळ आत जाते. पास उशिरा देते. तिला उजवीकडचंच दिसतं, डावीकडची मुलगी हात वर करून करून दमते. नेम चांगला आहे, पण दमली की पाय वाकत नाहीत आणि चेंडू रिंगेच्या अलीकडे पडतो. आज तिला संघाचा भार पेलणार नाही."

पाणी पिऊन त्यांनी दुसरा निरोप बोलून पाठवला. "आता गुण ऐक. काल ओळीनं सगळे नेम चुकले, तरी पुढचा चेंडू तिनं न कचरता टाकला. हे कोणाला शिकवता येत नाही. दोघी अंगावर आल्या तरी तिच्या हातून चेंडू जात नाही. माझ्या तिसऱ्या सामन्यात मी बाकावर बसून रडत होते. पाय आणि डावीकडची नजर सरावानं येईल. पुढच्या दिवाळीपर्यंत ही माझ्यापेक्षा सरस झालेली असेल. काहीही झालं तरी तिला थांबू देऊ नकोस."

पुढच्या सामन्याला रेवा संघात नव्हती. प्रशिक्षक नोरीन अवघडून म्हणाली, "तिनं जर्सी परत केली. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. निर्णय तुमचाच होता म्हणाली."

संध्याताईंना आधी आपण चुकीचे ऐकले असे वाटले. सामना अर्ध्यावर टाकून त्या पद्मिनीकडे गेल्या. स्वयंपाकघरात दिवाळीच्या चकल्या चालल्या होत्या. पद्मिनीने सोऱ्या खाली ठेवला नाही.

"ये, बस. मोहन कमी झालंय का बघ जरा."

"रेवाला काय सांगितलंस?"

"मी काहीच नाही सांगितलं. तुझा निरोप पाठवला तिला."

"दोन होते."

पद्मिनीने चकलीचा वेढा पूर्ण केला. "बारावीचं वर्ष आहे, संध्या. मेडिसिनला किती गुण लागतात ते तुला मी सांगायला हवं? रोज भांडण व्हायचं घरात. शेवटी आमचं ठरलं, मावशी म्हणेल ते दोघींनी ऐकायचं. तू चांगली आहे म्हणाली असतीस, तर मी गप्प बसले असते."

"मी चांगलीच आहे म्हणाले."

"नंतर म्हणालीस. आधी भार पेलणार नाही म्हणालीस. त्यात माझा एक शब्द आहे का? तुझाच आवाज आहे सगळा."

"म्हणून तर." संध्याताई म्हणाल्या. परक्याने केलेल्या घाताला मनुष्य सावध तरी असतो. इथे त्यांच्याकडूनच न्याय मागवला होता, तो न्याय आहे हे त्यांना न कळवता. आणि मग त्याचा अर्धाच भाग त्यांच्या मुखातून त्या मुलीला ऐकवला होता. "मला सांगितलं का नाहीस की तिचं खेळणं यावर ठरणार आहे?"

"सांगितलं असतं तर तू खरं बोलली असतीस?"

"असाच विचार करतेस माझ्याबद्दल?"

पद्मिनी तळणाकडे वळली. तेवढ्यात जिन्यावर रेवा दिसली. तिने बरेचसे ऐकले असावे. संध्याताईंनी फोन पुढे केला आणि दुसरा निरोप लावला. रेवा भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिली. आईकडे तिने एकदाच पाहिले. पद्मिनीने मान वर केली नाही.

मग तिने नेहमीप्रमाणे इंग्रजीतच विचारले, "पहिलं पण तूच बोललीस ना, मावशी?"

"हो."

"ते खरं आहे?"

"दोन्ही खरं आहे, राजा."

"मग मला का नाही सांगितलंस? इतके दिवस तू मला सांगत होतीस, कोपर आत घे, पाय वाकव. मी कशी आहे, हे आईला सांगितलंस." तिचा स्वर चढला नाही. "मी तिला वचन दिलं, कारण वाटलं, मावशी काय म्हणेल ते आधी मला म्हणेल."

संध्याताईंची फसवणूक झाली होती, हे निर्विवाद. परंतु त्याच फसवणुकीत, अजाणता का होईना, त्यांचाही हात होता. त्या एवढेच म्हणाल्या, "नोरीनला सांग, परत यायचंय. हे वचन मोडलंस तर पाप नाही लागायचं." डब्यात भरून ठेवलेल्या चकल्या न घेता त्या निघाल्या. पद्मिनीनेही आग्रह केला नाही.

रेवा परत गेली, पण सराव तिने नोरीनकडे मागितला. गॅरेजपाशी चेंडूचा आवाज येई, तेव्हा संध्याताई खिडकीशी येत आणि पडदा न सरकवता परत फिरत.

डिसेंबरच्या आरंभी एका सामन्यात रेवाला बदली म्हणून उतरवले. संध्याताई मागच्या बाकावर होत्या. समोरची खेळाडू चेंडू घेऊन आली. रेवा झेपावली नाही. गुडघ्यात वाकून, पाय सरकवत ती तिच्यासमोर राहिली आणि तिला कडेला नेऊन अडवले. मग चेंडू मिळताच डावीकडे न पाहता तिने डावीकडे पास दिला, अगदी वेळेवर. बाकांकडे तिने एकदाही नजर वळवली नाही.

सामना संपला तेव्हा पद्मिनी शेजारी येऊन उभी होती. तिच्या डोळ्यांत काहीतरी समेटासारखे होते. "कशी खेळली गं?" तिने हळूच विचारले.

बचाव, पास, नेम, तिन्हींचे परीक्षण संध्याताईंच्या मनात तयार होते; अवघ्या आयुष्यात इतके आनंदाचे परीक्षण त्यांनी क्वचितच केले असेल. त्यांनी कोट चढवला, मास्क नीट केला. त्या देशात बोलणे न वाढवता संपवायचे असले की लोक ‘ठीक आहे’ एवढ्याच अर्थाचा एक शब्द हातावर ठेवतात. तोच त्यांनी मैत्रिणीला दिला.

"ग्रँड," त्या म्हणाल्या, आणि गाडीकडे निघाल्या.