विनातिकीट धूळ

करवत सुरू करण्याआधी सोपाननाना शेडच्या पत्र्यावर हातोडीने दोनदा टण् टण् करत. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेलेली. डबल बेल दिल्याशिवाय जगात काही पुढे सरकतं, यावर त्यांचा विश्वास नव्हता. पारनेरात आमच्या दोन घरांत एकच भिंत. त्यामुळे ती बेल मलाही लागू होती.

निवृत्तीनंतर माणसं देवळाच्या कट्ट्यावर बसतात, नाहीतर पतसंस्थेचे संचालक होतात. नानांनी अंगणातल्या शेडमध्ये गोल करवत आणि रंधा मशीन बसवलं आणि पाट, पोळपाट, देव्हारे करायला घेतले. कारागीर म्हणून ते मध्यम होते. चारही पाय एकाच वेळी टेकतील असं स्टूल त्यांना कधी जमलं नाही. मी तसं बोलून दाखवलं की म्हणत, "जमीनच वाकडी हाय, सर. तुमी बसा, परीक्षा घेऊ नका."

मग खोकला सुरू झाला. नगरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि सांगितलं, लाकडाची धूळ छातीत गेली आहे, लाकूड सोडा. पुण्याहून आलेला मुलगा प्रकाश लगेच म्हणाला, "शेड पाडू. गाडी लावायला जागा होईल."

नाना उसळले. "फुकट्या चढला म्हनून कंडक्टरनं उतरायचं व्हय? धूळ उतरंल. मी न्हाई."

नाना मूळचे बाजरीच्या रानातले. भूस घालवायचं तर वारा पाठीशी घ्यायचा, हे लहानपणापासून डोक्यात. त्यांनी कूलरचा मोठा पंखा आणून पाठीमागे ठेवला, समोरचं दार उघडं टाकलं आणि करवत चालू केली. जाड भुसा डौलात दाराबाहेर गेला आणि अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांवर बसला. बारीक धूळ मात्र पत्र्याला धडकून माघारी आली आणि तिच्यात नानाच दिसेनासे झाले.

वहिनी, म्हणजे नानांच्या पत्नी, कुरडई हातात धरून दारात उभ्या राहिल्या. "आता ह्या तळू का पॉलिश मारू?"

नाना खोकत बाहेर आले. "उफनताना भूस उडतं, दाना खाली पडतो. हितं दानाच न्हाई, सर. समदं भूसच."

आमच्याकडच्या बऱ्याच सभांचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरं ऐकलेलं नाही. अशीच एक सभा त्याच महिन्यात झाली. प्रकाशने गावातल्या एका मंडळाला सांगून नानांचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, आणि अध्यक्षांचं भाषण, की नानांनी आता कृतार्थ विश्रांती घ्यावी. नानांनी माईक हातात घेतला. "माझा स्टॉप अजून आल्याला न्हाई. आला का मीच बेल मारीन. तवर कुनी दोरी वढू नका." एवढं बोलून ते उतरले. घरी येऊन त्यांनी शाल उन्हात धरली. धूळ गाळायला चालेल का, हे त्यांना पाहायचं होतं. "ह्यातनं धूळ काय, अध्यक्षांचं भाषनबी आरपार जाईल," म्हणाले आणि शाल खुंटीला अडकवली.

मार्ग सापडला तो कांडपाच्या गिरणीत. वहिनींनी मिरची दळायला पाठवलं होतं. तिथे मशीनच्या तळापासून एक पाइप निघून वर पत्र्याच्या निमुळत्या पिंपात गेला होता. पिंपात वारा गरगर फिरत होता, तिखट खाली पडत होतं, आणि वर कापडी पिशव्या फुगून फक्त हवा बाहेर सोडत होत्या. नाना इतका वेळ बघत राहिले की गिरणीवाली म्हणाली, "नाना, मिरची न्यायची का मशीन?" ते मिरची तिथेच विसरले.

मग भंगारातून ब्लोअर आला. पत्रेवाल्याने पिंप वळवून दिलं. वहिनींनी मांजरपाटाच्या लांब पिशव्या शिवून त्यांना परकराच्या नाड्या ओवल्या. पिंप आणि पिशव्या शेडबाहेर, आणि पाइपचं तोंड थेट पात्याखाली. "फुकट्याला दारातच धरायचा," नाना समजावत. "आत शिरून गर्दीत मिसळला, का देवाच्या बापाला घावत न्हाई."

एका रविवारी प्रकाश टेम्पो घेऊनच आला. मशीनं उचलायची, असं ठरवून. अंगात पांढरा शर्ट. नाना शांतपणे म्हणाले, "काप ही फळी. शर्टाला धूळ लागली, तर गुपचूप टेम्पोत बसतो."

प्रकाशने फळी कापली. शेडमध्ये मला वहिनींचा चेहरा स्वच्छ दिसत होता. हे त्या शेडमध्ये नवीन होतं. प्रकाशने छाती झटकली, काही नाही. मग त्याने मनगट पुढे केलं. बाहीच्या कडेला सागवानी रंगाची बारीक रेघ होती.

"नाना, शब्द दिलाय तुम्ही."

नानांचा चेहरा उतरला. त्यांनी ब्लोअर बंद केला. वहिनीच पुढे झाल्या. "शर्ट मी धुईन. हे हितं खोकत्यात ते परवडतं, प्रकाश. घरात बसले तर दिवसभर मलाच पुढं सरका म्हनतील."

नाना ऐकत नव्हते. ते पात्यावर वाकले होते. "वरनं निसटतीय," ते स्वतःशीच म्हणाले. "खालचं दार धरलं, वरचं मोकळंच ऱ्हायलं." मग त्यांनी टोपी घातली आणि खरोखरच टेम्पोत जाऊन बसले. "शब्द म्हंजे शब्द. चल रे डायवर, भंगारवाल्याकडं. दोन हात पायप पायजे."

प्रकाशने बाही झटकली. मग तोही पाठीमागे चढला.

पात्याच्या वरही पाइप बसला. नाना तोंडाला फडकं बांधून पुढे बरीच वर्षं वाकडी स्टुलं करत राहिले. खोकला पुरता गेला नाही; नाना त्याच्यापायी उतरले नाहीत, एवढंच. गेल्या हिवाळ्यात ते गेले. नगरचे डॉक्टर भेटायला आले आणि हळहळून म्हणाले, "लाकूड सोडलं असतं, तर अजून काही वर्षं काढली असती."

"काढली असती की," वहिनी म्हणाल्या. "पन कशात काढली असती, ते सांगा."

डॉक्टरांनी पुढ्यातला चहा उचलला. माणूस हुशार होता.