बेंदराच्या घुगऱ्या आणि माहेरची कालवड

ती कालवड माझ्या सासूनं मारली नाही. हे एकदा लिहून टाकते, म्हणजे मी मोकळी. मोकळी कसली, डोंबल!

दुष्काळ सरल्यावर आईनं दुधनीहून इकडं कुंभारीला माझ्यासाठी ती धाडली. चार दिवसांची, तिची गाय व्याल्याबरोबर मेलेली. शेळीचं दूध आणि गुळाचं पाणी बाटलीनं पाजून मी तिला जगवलं. पाजलं की घटकाभरात उड्या मारायची. पुढं ती रवंथ करायला लागली, तेव्हा गुरांचे डॉक्टर म्हणाले, "बाई, आता गूळ बंद. तान्ह्या वासराचं अंग साखर झटकन ओढून घेतं. चाऱ्यावर आलं की तसं ओढत नाही. पोटात चारा आंबतो, त्यावर अंग चालतं. आता गूळ-दाणा फार झाला तर पोटातच नासेल आणि जनावर जाईल."

मी सातवी शिकलेली. अक्कल पाजळायला एवढंच मिळालं, मग काय! बेंदराला, बैलांच्या सणाला, सासूबाई जोंधळ्याच्या गूळ घालून शिजवलेल्या घुगऱ्या घेऊन गोठ्याकडं निघाल्या, तर शेजारणींसमोर मी त्यांना अडवलं. "कालवडीला एक दाणा घालायचा न्हाय. तुमास्नी काय कळतंय त्यातलं?" त्यांनी घुगऱ्या बैलांना घातल्या, कालवडीला नुसतं कुंकू लावलं.

संध्याकाळी ती दावणीला हंबरत होती. सणाच्या दिवशी माझ्या माहेरचंच जनावर तेवढं तोंड बघत बसलेलं! जीव तुटला माझा. कुणी नाही बघून उरलेल्या घुगऱ्यांची पाटी तिच्यापुढं ओतली. गुळावरच तर वाढली की ही, म्हटलं, डॉक्टरला काय कळतंय!

दुसऱ्या दिवशी तिचं पोट टम्म फुगलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

नवरा त्याच्या आईवर खवळला. "हिनं सांगितलं हुतं की तुला!"

"न्हाय रं, मी न्हाय घातलं," त्या परत परत म्हणत होत्या. शेजारणींनी माझं बोलणं ऐकलेलं, त्यामुळं सासूबाईंचं कुणालाच खरं वाटेना. मी पदर तोंडाला लावून रडत होते. रडणं खरं होतं, पण तोंड काही उघडलं नाही मी मेलीनं.

पुढच्या बेंदराला त्यांनी घुगऱ्यांची पाटी माझ्या हातात दिली. "तूच घाल बाई," म्हणाल्या. "माज्या हातचं नुसतं कुंकू बी सोसलं न्हाय तिला."

टोमणा असता तर बरं झालं असतं. त्यांचे डोळे भरले होते. मी पाटी घेतली आणि गोठ्यात गेले.