एक स्टॉप जास्त

आमच्या मामांनी निम्म्या नाशिकच्या सुना गोऱ्या केल्या. गंगापूर रोडला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. उजेड मोजायचं मीटर सांगेल त्यापेक्षा ते फिल्मला नेहमी एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड देत. "फिल्मला घासभर जास्त वाढावं, पचतं तिला. उपाशी ठेवली तर रुसते," असं त्यांचं म्हणणं. त्या जास्तीच्या घासाने सावळ्या मुली उजळत आणि त्यांच्या आया खूश होत. आम्ही भाचरं त्यांना स्टॉपमामा म्हणायचो.

मी घरातली सगळ्यात काळी. 'सावळी' हा शब्द आईचा. लग्नासाठी दाखवायचा फोटो मामांनीच काढला आणि मायेपोटी दोन स्टॉप वाढवले. फोटो पाहून घोटीची मंडळी हौसेने आली. पोहे झाल्यावर मुलाच्या आईने मला नीट न्याहाळलं आणि फोटो धाकट्या बहिणीचा आहे का, असं अगदी गोड आवाजात विचारलं. मामा तिथेच बसले होते. त्यांनी बशी खाली ठेवली ती परत उचलली नाही. मला मात्र राग त्यांचाच आला. पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "मामा, तुम्हालाही मी अशी आवडत नाही का?"

 मामांनी नुकताच डिजिटल कॅमेरा घेतला होता. चार दिवसांनी मला गजरा माळून यायला सांगितलं. सवयीने त्यांनी उजेड जास्तच दिला. पडद्यावर मी गोरीपान आले, पण गजऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग. "फिल्मसारखं याला जास्तीचं पचत नाही. पांढरं जळलं की परत येत नाही," ते म्हणाले आणि गजऱ्याकडे बघत उजेड कमी करत गेले. शेवटी कळ्या दिसू लागल्या, आणि मीही दिसले, होते तशी. आई कुरकुरली, तर म्हणाले, "ताई, आता हिचा रंग आहे तोच राहील."

तोच फोटो पाहून देवळालीचं स्थळ आलं आणि जमलं. लग्नाचे फोटो अर्थात मामांचे. अल्बम चाळताना सासूबाईंनी कॉम्प्युटरवर सूनबाईंना जरा उजळ करता येईल का, असं विचारलं. जन्मभर तेच केलेले मामा हात जोडून म्हणाले, "फोटो बरोबर आलाय, विहीणबाई. आणि मुलगीही."

मामा गेले. माझ्या घरात गोरेपणाचं क्रीम आणायची हिंमत मात्र आजही कोणाची होत नाही.