ओटीपी आला का, बाबा?

त्या सहा मजली ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमामांना सगळे ओळखत आणि त्यांच्याबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं. लोक आत शिरले की मान वर करून दारावरच्या आकड्यांकडे बघत राहतात. मामा स्टुलावर बसलेले, त्यामुळे त्यांच्या वाट्याला फक्त हनुवट्या यायच्या. कुणाची दाढी घाईत उरकली आहे, कुणाच्या गळ्यावर पुरळ उठलंय, हे मामांना पाठ. बोलणं मात्र "चौथा" नाहीतर "खाली", संपलं! बायको दोन वर्षांपूर्वी गेली, पाठोपाठ एकुलती एक लेक दुसऱ्या शहरात कॉलेजला गेली, आणि तेव्हापासून रात्री खोलीचं कुलूप काढताना मामांच्या लक्षात यायचं की आज दिवसभरात आपण एक धड वाक्य बोललेलो नाही.

लेक शिकत होती ती सरकारी मदतीवर. फी, वसतिगृह, सगळं त्यातूनच. ही मदत दरवर्षी नव्याने अर्ज करून मिळवायची असते. एखाद्या वर्षी अर्ज राहिला तर मामांच्या पगारात फी भरायचा दम नव्हता. पोरीला चंबूगबाळं आवरून परत यावं लागलं असतं.

आता गंमत अशी, की पहिल्या वर्षी कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याने अर्जाच्या संकेतस्थळावर तिचं खातं उघडलं तेव्हा पोरीकडे स्वतःचा फोनच नव्हता. मग दिला ठोकून मामांचा नंबर! झालं. त्या संकेतस्थळाचा स्वभाव भारी संशयी. आत शिरा, ओटीपी. बँकेची माहिती भरा, ओटीपी. उत्पन्नाचा दाखला जोडा, पुन्हा ओटीपी. आणि प्रत्येक ओटीपी यायचा तो इकडे, मामांच्या फोनवर.

एरवी लेकीचा फोन म्हणजे उंबराचं फूल. मामांनी केला तर "बाबा, क्लासमध्ये आहे, नंतर करते." ते 'नंतर' काही यायचं नाही. पोर वाईट नव्हती हो. अभ्यास, मैत्रिणी, तिचं वयच ते. मामा स्वतःची समजूत घालायचे आणि समजूत काही पटायची नाही.

अर्जाचे दिवस आले आणि रोज फोन वाजू लागला. लिफ्टमध्ये रेंज नाही, म्हणून मामा तळमजल्यावर दार उघडं टाकून बाहेर उभे राहायचे. वरून लोक घंटा बडवायचे. बडवू देत!

"ओटीपी आला का, बाबा?"

"आला, आला. घे. चार... जेवलीस का?"

"हो. पुढे?"

"सात... काय जेवलीस?"

"बाबा, वेळ जाईल ना! लवकर सांगा."

आणि एकदा खरंच वेळ गेला. आकडा बाद झाला, नवा मागवावा लागला, म्हणजे पोरीचा पुन्हा फोन. तिथेच मामांना चटक लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी नऊच्या जागी सहा सांगितला. बिनचूक, सहज, डोळ्यांसमोर नऊ दिसत असताना! "बाबा, चुकीचा म्हणतंय," म्हणत ती पुन्हा फोनवर हजर. त्या फोनमध्ये तिने मैत्रिणीच्या भांडणाचं सांगितलं, हसलीसुद्धा. मामा त्या दिवशी घरी जाताना गुणगुणत गेले. यात कुणाचं काय बिघडलं, असं त्यांनी मनाला विचारलं आणि मनाने सोयीचं तेच उत्तर दिलं.

शेवटच्या तारखेला फक्त अर्ज पाठवायचा राहिला होता. एक बटण आणि एक ओटीपी. मामांना कळत होतं की हा शेवटचा. एवढा झाला की पुढच्या वर्षापर्यंत काम नाही, म्हणजे फोन नाही. त्यांनी एकदा चुकीचा सांगितला. मग दुसऱ्यांदा. आणि तिसऱ्यांदाही, कारण ती मधेच म्हणाली होती, "कालची गंमत सांगते, थांबा." गंमत राहिलीच. पलीकडून रडवेला आवाज आला.

"बाबा, खातं बंद झालं. तीनदा चुकलं म्हणून. उद्यापर्यंत उघडणार नाही म्हणतंय. आजच शेवटची तारीख आहे, बाबा!"

मामा काहीबाही बोलत राहिले, तेवढ्यात तिने फोन ठेवला. आणि खरं सांगायचं तर, क्षणभर, अगदी क्षणभरच, त्यांच्या मनात आलं की म्हणजे आता पोर घरी येईल. मग स्वतःचीच अशी शिसारी आली की त्यांनी लिफ्टच्या आरशाकडे पाठ फिरवली. दुपारभर ते मजले चुकत राहिले. तिसऱ्याचा माणूस पाचव्यावर उतरवला, त्याने चार शब्द सुनावले, ते ऐकून मामांना उलट बरं वाटलं.

ऑफिसं सुटता सुटता फोन आला.

"बाबा, गेला अर्ज!" ती धापा टाकत होती. "कॉलेजच्या ऑफिसातल्या मॅडम देवासारख्या धावून आल्या. त्यांनी वर बोलून खातं उघडून घेतलं, आणि तुमचा नंबर काढून माझाच घातला. दोन मिनिटांत काम झालं!"

"सुटलो गं बाई," मामा म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "बाळ, चूक माझी होती. मी ते आकडे मुद्दाम..."

"तुमची कसली चूक? वयाने होतं असं. डोळे दाखवून घ्या एकदा. आणि आता तुमची कटकट संपली. लिफ्ट थांबवून माझ्यासाठी उभं राहायचं, लोकांची बोलणी खायची... मला फार वाईट वाटायचं, बाबा."

"कटकट कसली त्यात? मधूनअधून असाच कर की फोन. काही काम नसलं तरी."

ती हसली. मनापासून, मायेने हसली. "काम नसताना काय बोलायचं, बाबा?"



"तेही खरंच," मामा म्हणाले.