सुंठीची बरणी

कॉर्क या आयरिश शहरात उतरलेल्या एकाही मराठी संशोधकाला स्वतःचं आयुष्य स्वतः ठरवायची मुभा आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी आजवर दिलेली नाही. एकटेच राहतात, औषधांच्या कारखान्यात गोळ्या तपासतात आणि घरी आले की आम्हाला. पीएचडी संपवून मी पुण्याहून इथल्या विद्यापीठात आले, त्याच आठवड्यात त्यांनी चहाला बोलावलं, प्रेसमधून, म्हणजे इथल्या बोलीत कपाटातून, मसाल्यांच्या बरण्या काढल्या आणि माझं भवितव्य टेबलावर मांडलं. हळद म्हणजे चालू कंत्राट, मोहरी म्हणजे शोधनिबंध, पार टोकाला सुंठ म्हणजे कायमची नोकरी. "आणि हिंग?" मी विचारलं. "लग्न. बेतानं घ्यायचं," काका गंभीरपणे म्हणाले. चहात चिमूटभर सुंठ मागितली तर हात आडवा घातला. "तिथवर पोचलीस की घालू!"

पुढे कंत्राट संपत आलं. ते वाढलं नाही तर इथे राहण्याचा परवाना जाणार आणि मी गाशा गुंडाळून परत. धीर करून प्राध्यापकांना म्हटलं, "मुदतवाढीचा अर्ज लिहायला घेऊ का?" ते हसून म्हणाले, "आह, यू आर ग्रँड!" इथे हवा ग्रँड, चहा ग्रँड, सगळं छानच; मला वाटलं, काम झालं. दूध पावडरचे पेढे वळून मी वर धावले. काकांनी पेढा हातातच धरला. "अगं बाळ, हवा ग्रँड ती वेगळी. आपण काही करू का विचारलं आणि समोरचा असं म्हणाला, की त्याचा अर्थ 'राहू दे'." मला रडूच कोसळलं. काकांनी हळद प्रेसमध्ये ठेवली आणि सुंठ माझ्यापुढे ओढली. "इथून तीन तासांवर, लिक्सलिपला, कॉम्प्युटरच्या चिपचा कारखाना आहे. तुझं काम त्यांच्याच उपयोगाचं. आजच अर्ज करायचा." मग रोज संध्याकाळी टाय लावून ते आयरिश साहेब व्हायचे आणि माझी मुलाखत घ्यायचे. त्यांच्या आयरिश उच्चारांत सांगलीच जास्त होती, पण मला नोकरी लागली, आणि तीही कायमची.

लिक्सलिपला निघताना मी म्हटलं, "काका, पुढच्या रविवारी चहाला येऊ?" ते प्रेसमध्ये डोकं घालून उगाच बरण्या हलवत राहिले. "छे गं, आता तुला कामं असणार. यू आर ग्रँड."

अर्थ त्यांनीच शिकवला होता. तरी मी तो मुद्दाम विसरले आणि रविवारी पेढे घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. काकांनी आधण ठेवलं. त्या दिवशी चहात सुंठ होती.